निवडक बंधूंचे बंधुत्व

मराठी माणसाला ‘लॉज’ हा शब्द परिचित आहे तो एस.टी. स्थानकासमोरच्या पाटीवरून. ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ असे तीवर लिहिलेले असते आणि नाव-गाव नोंदवहीत लिहून आगाऊ भाडे मोजणाऱ्या कोणालाही, निदान पाटीपुरते तरी, तेथे दार उघडे असते. मुंबईच्या फोर्ट भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या फ्रीमेसन हॉलमध्ये जे लॉज भरतात त्यांची रीत नेमकी उलटी आहे. तेथे राहण्याची सोय नाही. जेवण असते, पण ते विधी उरकल्यानंतर आणि बंधूंपुरते. आणि सभा चालू असता दाराबाहेर नंगी तलवार घेतलेला द्वारपाल उभा असतो. अशा इमारतींना हिंदुस्थानात ठिकठिकाणी लोकांनी ‘जादूघर’ हे नाव ठेवले होते. आत काय चालते हे बाहेरच्यांना कळत नसे, म्हणून ते नाव. आता ते सर्वांना कळले आहे. विधींची पुस्तके छापून विकली जातात. आत जे चालते ते कोणासाठी चालते, एवढाच प्रश्न उरला आहे.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण असे की, तीन शतके पडद्याआड राहण्यात भूषण मानणारी ही मंडळी आता स्वतः होऊन जाहिरात करू लागली आहेत. १७१७ हे आपले स्थापनावर्ष मानणाऱ्या लंडनच्या ग्रँड लॉजने २०१७ मध्ये त्रिशताब्दी थाटाने साजरी केली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, ‘आता पुरे झाले’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली इंग्लंडच्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन, आपल्या सभासदांविषयी समाज आकस बाळगतो अशी तक्रार केली. या तक्रारीमागचे दुखणे आकड्यांत दिसते. अमेरिकेत १९५९ मध्ये फ्रीमेसनांची संख्या ४० लाखांहून अधिक होती. आज ती १० लाखांच्याही खाली आली आहे. ऑडफेलोज आणि त्यांच्यासारख्या इतर बंधुसंघांची स्थिती याहून बरी नाही. म्हणून संकेतस्थळे निघाली, इमारती पाहण्यासाठी खुल्या झाल्या, तरुणांना आवतणे जाऊ लागली. या आवतणांत पूर्वीसारखा प्राचीन गूढविद्येचा डांगोरा नसतो. भर असतो तो एकाकीपणावर. शहरात ओळखी पुष्कळ आहेत, सोबत कोणाचीच नाही. तेव्हा या, येथे तुम्हाला भाऊ मिळतील.

हे आवतण स्वीकारावेसे वाटणाऱ्यांत समाजवादी चळवळीचे सहानुभूतीदारही असतात. चळवळीला न चुकता वर्गणी देणारा डॉक्टर, कामगारांचे खटले फी न घेता चालवणारा वकील, निवृत्त झालेला प्राध्यापक, अशा माणसांचा युक्तिवाद ठरलेला असतो. लॉजमध्ये जात विचारली जात नाही, धर्म आणि राजकारण यांवर भांडण होत नाही, रुग्णालयांना व विद्यार्थ्यांना देणग्या दिल्या जातात, महिन्यातून एक संध्याकाळ चार सभ्य माणसांत जाते. यात समाजवादाचे काय बिघडले? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला शेलक्या शिव्यांनी उत्तर देण्याची जी खोड काही कार्यकर्त्यांना आहे, ती टाकून दिली पाहिजे.

एक उत्तर तर मुळातच त्याज्य आहे. साऱ्या जगाची सूत्रे फ्रीमेसन हलवतात, राजवटी तेच पाडतात, बँका तेच चालवतात, ही कथा आता भ्रमणध्वनीवरून मराठीतही फिरू लागली आहे आणि भांडवलशाहीवर टीका करण्याच्या भरात एखादा उत्साही कार्यकर्ताही ती पुढे ढकलतो. ही कथा डाव्यांनी रचलेली नाही. फ्रीमेसन आणि यहुदी यांची एकत्र मोट बांधून तिचे विष युरोपभर पेरले ते प्रतिगाम्यांनी. मुसोलिनीने १९२५ मध्ये लॉजांवर गदा आणली, नाझींनी ते बंद पाडले, आणि फ्रँकोने १९४० मध्ये जो कायदा केला त्याच्या नावातच फ्रीमेसन आणि कम्युनिस्ट हे शेजारी शेजारी होते. १८७१ च्या एप्रिल अखेरीस पॅरिस कम्यूनच्या बाजूने आपली निशाणे घेऊन तटावर गेलेले फ्रीमेसनही इतिहासाला माहीत आहेत. आणखी एक गोष्ट विसरण्यासारखी नाही. १९१४ मध्ये अँकोना येथील अधिवेशनात इटालियन समाजवादी पक्षाने फ्रीमेसनांना पक्षाची दारे बंद केली. तो ठराव मांडण्यात पुढाकार होता बेनितो मुसोलिनीचा. लॉजचा शत्रू तो कामगारांचा मित्र, असे समीकरण मांडणाऱ्यांनी एवढे एकच उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे आहे.

तेव्हा लॉजवरचा आक्षेप तो कारस्थान करतो म्हणून नव्हे. तो जे उघडपणे करतो, ज्याचा अभिमान बाळगतो, त्यावरच खरा आक्षेप आहे.

प्रवेशाचा विधी पाहावा. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. गळ्यात दोरीचा फास असतो. एका पायात सपाता, डावी छाती उघडी, एक गुडघा उघडा. अंगावरील पैसा, अंगठी, घड्याळ, धातूची प्रत्येक वस्तू आधीच काढून घेतलेली असते. शपथ झाल्यावर, दृष्टी परत मिळाल्यावर, त्याच्यापुढे दानाची मागणी केली जाते. तो चाचपडतो, जवळ दमडी नसते, देता येत नाही अशी कबुली त्याला सर्वांसमक्ष द्यावी लागते. मग त्याला सांगण्यात येते की, हा क्षण लक्षात ठेव आणि पुढे एखादा बंधू असाच निष्कांचन होऊन दारी आला तर त्याला विन्मुख पाठवू नकोस. विधी सुंदर आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दारिद्र्याची लाज पोटात कशी उतरते याची जाण ज्याने तो रचला त्याला होती. पण या विधीत जो दरिद्री होतो तो तासाभरापुरता होतो. त्याचे पाकीट शेजारच्या खोलीत सुरक्षित असते. ज्याच्या खिशात बाराही महिने काही नसते, ज्याच्या पायातली चप्पल विधीसाठी काढलेली नसून मुळातच नसते, त्याला हा धडा शिकण्यासाठी आत बोलावले जात नाही. त्याची प्रवेश फीच भरली जात नाही.

आणि फीच्याही आधी निवड आहे. दोघा सभासदांनी नाव सुचवावे, चौकशी व्हावी, मग पेटीत गुप्तपणे पांढरे वा काळे गोळे टाकून मतदान व्हावे. एक-दोन काळे गोळे निघाले की उमेदवार बाद. कारण सांगण्याची गरज नाही. ज्याने काळा गोळा टाकला त्याचे नाव कधी कळत नाही. बंधुत्वाची सुरुवात कोणाला भाऊ म्हणायचे नाही हे ठरवण्यापासून होते, आणि तेही तोंड न दाखवता.

काळा गोळा कोणाच्या वाट्याला आला याचा इतिहास उघड आहे. १७२३ च्या घटनेतच गुलाम आणि स्त्रिया यांना मज्जाव होता. बोस्टनमध्ये प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीयाला व त्याच्या साथीदारांना १७७५ मध्ये दीक्षा मिळाली ती ब्रिटिश सैन्यातील एका आयरिश लॉजकडून. गोऱ्या अमेरिकन बंधूंनी त्यांना जवळ केले नाही, म्हणून त्यांना लंडनहून वेगळी सनद आणावी लागली. गोऱ्यांच्या ग्रँड लॉजांपैकी कनेक्टिकटने त्यांच्या संघटनेला मान्यता दिली ती १९८९ मध्ये, आणि दक्षिणेतील कित्येक राज्यांत विसावे शतक संपेपर्यंत ती मिळाली नाही. ज्या संघाच्या सभागृहात समपातळीचे साधन हे समतेचे चिन्ह म्हणून मिरवले जाते त्याला शेजारच्या माणसाची पातळी आपल्याइतकीच आहे हे कळायला दोनशे वर्षे पुरली नाहीत.

मुंबईचा दाखला तर घरचाच आहे. माणेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ विद्येने, वैभवाने कोणत्याही गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोडीचे. त्यांना लॉजमध्ये घेण्यास गोरे बंधू तयार होईनात. दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. परत आल्यावरही मुंबईच्या गोऱ्या लॉजने त्यांना पंक्तीला घेतले नाही. अखेर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश वैद्याच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज एतद्देशीयांसाठी स्थापन झाला. म्हणजे तोड निघाली ती वेगळ्या पंक्तीची! जातिव्यवस्थेत मुरलेल्या या देशाला ही तोड ओळखीचीच होती. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना १८६३ पासून जवळजवळ दहा वर्षे दार ठोठवावे लागले. अनेक देव मानणारा हिंदू एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा पेच बंधूंना पडला होता. अखेर १८७२ मध्ये दत्त आत गेले. लाहोरच्या लॉजमध्ये १८८६ साली दीक्षा घेतलेल्या किपलिंगने आपल्या त्या लॉजवर एक प्रसिद्ध कविता लिहिली आहे. आत सारे भाऊ, बाहेर मात्र साहेब आणि सलाम, हा भेद त्या कवितेतच नोंदलेला आहे. आणि कवीला त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. साम्राज्याला एवढी समता परवडत होती. महिन्यातून एक संध्याकाळ भाऊ म्हणायचे आणि उरलेले एकोणतीस दिवस राज्य करायचे.

हे सारे जुने झाले, आता तसे राहिले नाही, असे उत्तर येईल. १९६१ मध्ये भारताचा स्वतंत्र ग्रँड लॉज झाला. त्याचे पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब होते. गोरा गेला, निवड गेली नाही. स्त्रीला त्या लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. अॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये स्त्रीपुरुषांच्या संयुक्त संघाची दीक्षा घेऊन त्याच्या शाखा हिंदुस्थानात आणल्या, तर मुख्य प्रवाहाच्या लॉजांनी त्यांना अनधिकृत ठरवले. घराबाहेर स्त्रीबरोबर एकाच कार्यालयात काम करणारा, तिच्या हाताखाली काम करणारा आजचा माणूस समतेचे धडे गिरवायला अशा ठिकाणी जातो जेथे ती येऊ शकत नाही. यालाच जर एकाकीपणावरचे औषध म्हणायचे असेल, तर रोगाचे निदान चुकले आहे.

आता राजकारण न बोलण्याचा नियम. सहानुभूतीदारांना हा नियम फार भावतो, कारण पक्षाच्या बैठकांतील वितंडवादाने ते शिणलेले असतात. त्यांचा शीण समजण्यासारखा आहे. परंतु गिरणीमालक आणि गिरणीचा लवाद एका पंक्तीत बसले आणि संपाविषयी अवाक्षर न काढता उठले, तर त्या संध्याकाळी राजकारण झाले नाही असे कोण म्हणेल? ओळख झाली, विश्वास जुळला, एकमेकांचे गुपित सांभाळण्याची शपथ दोघांनीही घेतलेली आहे. उद्या लवादासमोर कामगारांचा वकील उभा राहील तेव्हा तो परका असेल, मालक भाऊ असेल. लवादाने निवाडा प्रामाणिकपणे दिला तरी कामगाराने तो प्रामाणिक आहे असे कशाच्या आधारावर मानावे?

लंडनमध्ये नेमका हाच वाद रंगला. १९८७ मध्ये झालेल्या एका खुनाच्या तपासात पोलिसांनी केलेल्या गैरव्यवहाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने जून २०२१ मध्ये आपला अहवाल दिला. लॉजच्या नात्यांचा उपयोग करून तपास बिघडवल्याचा पुरावा मंडळाला मिळाला नाही, आणि तसे त्याने स्वच्छ लिहिले. तरीही पोलिसांनी अशा संघटनांचे सभासदत्व नोंदवलेच पाहिजे, अशी शिफारस त्याने केली. कारण संशयाला जागा राहणे हीच न्यायाची हानी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या पोलीस दलाने हा नियम जाहीर केला, तेव्हा ग्रँड लॉजने त्याविरुद्ध न्यायालयाची वाट धरली. ज्या सभासदत्वाचा अभिमान वाटतो म्हणून पानभर जाहिराती द्यायच्या, ते वरिष्ठांच्या वहीत लिहिण्याची वेळ आली की न्यायालयात जायचे!

इटलीत तर संशयाचे काम उरले नाही. मार्च १९८१ मध्ये लिचो जेल्ली याच्या आरेत्सोजवळच्या कचेरीवर पोलिसांनी झडती घातली, तेव्हा ‘पी-टू’ या लॉजच्या सभासदांची ९६२ नावांची यादी सापडली. मंत्री, खासदार, सेनापती, गुप्तहेर खात्यांचे प्रमुख, न्यायाधीश, संपादक, बँकवाले. आणि सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी नावाचा, तेव्हा उगवता असलेला उद्योगपती. मे महिन्यात यादी प्रसिद्ध झाली आणि फोर्लानी यांचे मंत्रिमंडळ कोसळले. १९८२ मध्ये गुप्त संघटनांना बंदी करणारा कायदा करावा लागला. इटलीच्या ग्रँड ओरिएंटने जेल्लीला काढून टाकले, आणि हा लॉज खरा लॉजच नव्हता, असे मेसन मंडळी आजवर सांगत आली आहेत. असेल. पण शपथ, गुप्तता, निवड आणि पदानुक्रम ही चारही हत्यारे जेल्लीला तयार मिळाली. त्याला ती नव्याने घडवावी लागली नाहीत.

चिलीचे साल्वादोर आयेंदे हे समाजवादी होते आणि फ्रीमेसनही होते. ते कधी लपवले नाही. लॉज आणि समाजवाद यांत विरोध नाही हे सांगताना त्यांचे नाव हमखास पुढे केले जाते. पुढे करणारे हे सांगत नाहीत की, ऑगुस्तो पिनोचे यानेही तरुणपणी त्याच बंधुसंघाची दीक्षा घेतली होती. ११ सप्टेंबर १९७३ रोजी सांतियागोच्या अध्यक्षीय प्रासादावर बाँब पडत होते तेव्हा भावाला भाऊ आठवला नाही.

सारांश काय तर गुप्तता वाईटच, असे म्हणून चालणार नाही. दुबळ्याला कधी कधी तिचा आधार घ्यावा लागतो. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या साथीदारांनी परमहंस मंडळी स्थापन केली तीही गुप्तच होती. जातीचे बंधन मोडण्यासाठी ही मंडळी दाराआड पाव खात, खालच्या मानलेल्या जातीच्या हातचे पाणी पीत. हेतू उदात्त होता. परंतु १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. पुढे जातीविरुद्ध जे टिकले ते जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात उघडपणे स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने, ज्याची नावे लपवण्याची कोणाला गरज वाटली नाही. यादी बाहेर पडल्यावर जे कोसळते ते मंत्रिमंडळ असो की सुधारणा, दोष यादी फोडणाराचा नसतो.

आता ‘लॉज’ या शब्दाचा दुसरा अर्थ पाहावा, कारण खरा मुद्दा त्यात आहे आणि मेसन मंडळींच्या जाहिरातींत तो कोठेच नसतो. इंग्लंडच्या दरहॅममध्ये आणि दक्षिण वेल्समध्ये खाणकामगारांच्या संघटनेच्या शाखेला लॉजच म्हणत. इंग्लिश कामगाराने हा शब्द वरच्या वर्गाकडून उचलला, त्याबरोबर शपथ, पट्टी आणि निशाणही उचलले, आणि त्याची किंमतही मोजली. १७९९ मध्ये गुप्त शपथांच्या संघटनांवर बंदी घालणारा कायदा पार्लमेंटने केला तेव्हा फ्रीमेसनांना त्यातून खास सूट देण्यात आली. मार्च १८३४ मध्ये डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना मात्र, मजुरी आणखी उतरू नये म्हणून काढलेल्या मंडळीत शपथ दिली एवढ्यासाठी, सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आले. त्या वर्षी इंग्लंडच्या फ्रीमेसनांचा ग्रँड मास्टर होता राजाचा सख्खा भाऊ ड्यूक ऑफ ससेक्स. डोळ्यांवरची पट्टी तीच. लंडनमध्ये ती संस्कृती ठरली, टॉलपडलमध्ये गुन्हा.

कामगारांच्या मंडळ्यांनी हळूहळू पट्टी आणि शपथ टाकून दिली, पण वर्गणीची वही टाकली नाही. आठवड्याला काही पेन्स भरायचे, आजारपणात भत्ता घ्यायचा, मेल्यावर सन्मानाने पुरले जायचे, मंडळीने नेमलेला डॉक्टर सर्वांना तपासायचा. वेल्समधील ट्रेडेगर या कोळशाच्या गावी कामगारांनी आपल्या पगारातून ठराविक कपात करून असा वैद्यकीय निधी उभारला. १९२० च्या दशकाच्या आरंभी तेथे नोकरी केलेल्या ए. जे. क्रोनिन या डॉक्टरने पुढे ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. विजय आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’ (१९७१) या चित्रपटातील खाणीच्या गावचा डॉक्टर तिच्यावरूनच आला आहे. क्रोनिनचे या निधीविषयीचे मत फारसे चांगले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कामगारांची समिती डॉक्टरला वागवते कशी, याचे कडू चित्र त्याने काढले आहे. पण त्याच ट्रेडेगरमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला आणि विशी गाठण्यापूर्वीच खाणकामगारांच्या लॉजचा प्रमुख झालेला एक मुलगा होता, अन्यूरिन बेव्हन. त्या निधीचा कारभार त्याने जवळून पाहिला. मंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ रोजी त्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. एका गावाने वर्गणीदारांसाठी केलेली सोय साऱ्या देशातील प्रत्येक माणसाची झाली, त्याने वर्गणी भरलेली असो वा नसो, त्याला कोणी सुचवलेले असो वा नसो.

मेसन लॉज तीनशे वर्षांत भावांना मदत करत आला आणि भाऊ नसलेल्यांना देणग्या देत आला. खाणकामगारांच्या लॉजने भाऊ आणि परका हा भेदच एका क्षेत्रापुरता का होईना निकालात काढला. दानशूरतेचा हिशेब मांडणाऱ्यांनी या दोहोंचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा.

मुंबईच्या गिरणगावात ‘लॉज’ हा शब्द कोणी वापरला नाही. वस्तू मात्र होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांचे गावकरी मंडळ एक खोली घेई. तीत वीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला खुंटी, महिन्याची वर्गणी. बेकार झालेल्याला खोलीतून काढत नसत. मेलेल्याच्या घरी वर्गणीतून पैसे जात. जेवण खाणावळवाल्या बाईकडे, आणि संपाच्या काळात तिने उधारीवर घातलेल्या जेवणाचा हिशेब कोणत्याही युनियनच्या अहवालात आलेला नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना संघटित केले, तेव्हा कोठे चळवळीच्या लक्षात आले की, आपण जिच्या पोळीवर संप लढलो ती स्वतः कामगार आहे.

या खोल्यांचे गोडवे गाऊन थांबणे हेही खोटेपणाचे होईल. खोली गावाची होती, म्हणजे बहुधा जातीचीही होती. गिरणीच्या विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगाराला त्या अधिक मजुरीच्या खात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. तो मागण्यांत घ्यायला ते राजी झाले ते नाइलाजाने. तेथेही काळा गोळा होता, फक्त पेटी नव्हती. संविधानाच्या प्रास्ताविकेत ‘बंधुता’ हा शब्द ज्यांच्या आग्रहाने आला त्यांना बंधुता म्हणजे काय नव्हे हे गिरणीच्या दाराशीच कळले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले, हा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. कमी बोलले गेले आहे ते एवढेच की, पगाराबरोबर ती खोली, ती खाणावळ, तो चाळीतला कट्टाही गेला. आज त्याच रस्त्यांवर पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला, दुचाकीवर अन्न पोहोचवणारा तरुण उपाहारगृहाबाहेर फूटपाथवर उभा असतो. त्याला मुकादम नाही, कारण काम भ्रमणध्वनी सांगतो. त्याला सोबती नाहीत, कारण बाजूला उभा असलेला प्रतिस्पर्धी आहे. त्याला बसायला जागा नाही. आणि त्याच मनोऱ्यात राहणाऱ्या अभियंत्याला शेजारच्या दारावरची पाटी वाचूनच शेजाऱ्याचे नाव कळते. एकटे दोघेही आहेत. अभियंत्याला लॉजचे आवतण येईल. त्या तरुणाला गावची यात्रा, जातीचा मेळावा, कोण्या बाबांची बैठक आणि निवडणुकीच्या मोसमात एखाद्या सेनेची शाखा बोलावील. त्याला कोणीतरी नावाने हाक मारील, आणि एवढ्यासाठी तो पुष्कळ काही द्यायला तयार होईल.

समाजवादी पक्षाची शाखा त्याला काय देते? निवेदनावर सही मागते. मोर्चाची तारीख कळवते. अंकाची वर्गणी संपली याची आठवण करते. सभासद आजारी पडला तर ते शाखेला कळते ते वर्षभराने, नूतनीकरणाच्या वेळी. ज्येष्ठ कार्यकर्ता वारला की शोकसभा होते, ठराव होतो, तो साप्ताहिकात छापून येतो. पुढच्या महिन्यात त्याच्या पत्नीच्या औषधांचे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही. सहानुभूतीदार लॉजमध्ये गेला म्हणून जे नाक मुरडतात त्यांनी तो शाखेत शेवटचा कधी आला होता आणि परत का आला नाही, याची चौकशी केली आहे काय?

तेव्हा पक्षाच्या शिस्तीचा भाग स्पष्ट असावा. पक्षाचा पदाधिकारी, उमेदवार वा लोकप्रतिनिधी गुप्त शपथेने बांधलेल्या कोणत्याही संघाचा सभासद नसावा. इतर सभासदांनी आपली सर्व सभासदत्वे शाखेच्या वहीत नोंदवावी आणि ती वही कोणालाही पाहता यावी. या नियमाची कोणाला अडचण वाटेल, तर ती कशाची, हे त्याने बैठकीत उभे राहून सांगावे. परंतु या नियमाबरोबर दुसरी एक वही नसेल तर पहिलीला काही अर्थ नाही. शाखेतील कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, याची ती वही. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत राजकीय परिस्थितीच्या आधी ती वाचली जावी. तिच्यात नाव येण्यासाठी पक्षाचे कार्ड लागू नये, जात लागू नये, कोणी सुचवावे लागू नये. आणि ती लिहिण्याचे काम पुन्हा बायकांच्या अंगावर ढकलून पुरुषांनी जगाच्या परिस्थितीवर बोलत बसू नये. ज्या शाखांना स्वतःची खोली आहे त्यांनी ती रोज संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावी, आत चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ असावा, पाठीवर पिशवी घेतलेल्या त्या तरुणाला भ्रमणध्वनी चार्ज करता यावा. आज त्यांतल्या कित्येक खोल्यांना कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे दोघा-तिघांनाच माहीत असते.